पारा खोटे बोलत नाही

माझ्या लिहिण्याच्या टेबलाच्या खणात एक काचेचा थर्मामीटर पडून आहे. त्याच्या नळीत पाऱ्याचे दोन तुकडे झाले आहेत आणि कितीही झटकले तरी ते आता एक होत नाहीत. बाजारात असा थर्मामीटर आता सहसा मिळतही नाही. पाऱ्याच्या विषाविरुद्ध मिनामाताचा आंतरराष्ट्रीय करार झाला, २०१८ साली आपल्या देशानेही तो मान्य केला, आणि पाऱ्याच्या नळीची जागा कळ दाबताच टुक् करून आकडा दाखवणाऱ्या नळीने घेतली. तेव्हा ही निकामी वस्तू केव्हाच टाकून द्यायला हवी होती. पण तो थर्मामीटर माझ्याविरुद्धचा एक पुरावा आहे, आणि आरोपीनेच पुरावा नाहीसा करावा हे मला बरे वाटत नाही.

मी कुरखेड्याला आलो तेव्हा हा मुलूख चंद्रपूर जिल्ह्यात मोडत होता. गडचिरोली जिल्हा वेगळा झाला तो २६ ऑगस्ट १९८२ ला. त्याच्या चार वर्षे आधी मी इथल्या एका शाळेत विज्ञान शिकवायला आलो. सती नदीच्या काठचे लहानसे गाव, चहूकडे जंगल, पावसाळ्यात वाटा बंद. ट्रंकेत चार पुस्तके, दोन धोतरजोड्या आणि हा थर्मामीटर. विज्ञानाच्या मास्तराकडे थर्मामीटर असावा, एवढाच विचार त्यामागे होता. पुढे शाळेजवळच्या वसतिगृहाची देखरेख माझ्याकडे आली आणि त्या नळीला खरे काम मिळाले.

नववीच्या वर्गाला मी दरवर्षी एक जुना प्रयोग करून दाखवीत असे. टेबलावर तीन गंज मांडायचे. एकात सोसवेल इतके ऊन पाणी, दुसऱ्यात माठातले गार, मधल्यात साधे. एका मुलाने एक हात उन्ह पाण्यात आणि दुसरा गार पाण्यात थोडा वेळ धरायचा आणि मग दोन्ही हात एकदम मधल्या गंजात बुडवायचे. एक हात म्हणतो पाणी गार आहे, दुसरा म्हणतो ऊन आहे. सतराव्या शतकाच्या अखेरीस इंग्रज तत्त्वज्ञ जॉन लॉक याने हा दाखला दिला होता, तेव्हापासून जगभरचे मास्तर तो वापरीत आले आहेत. यातून मी जो धडा काढीत असे तो ठराविक होता: ज्ञानेंद्रिये फसवतात. एके वर्षी मागच्या बाकावरची एक मुलगी उठून म्हणाली, “पन जी, दोन्ही हात खरंच सांगून रायले ना? हा गरमीतून आला, तो थंडीतून आला.” वर्ग हसला. मीही हसलो. मधल्या गंजात थर्मामीटर बुडवला, आकडा फळ्यावर लिहिला आणि म्हणालो, “बाई, हात काहीही म्हणोत. पारा खोटे बोलत नाही.” ते वाक्य मला आवडले असावे; कारण पुढे ते मी वर्गाबाहेरही वापरू लागलो.

आता निवृत्तीनंतर, हाताशी वेळ आहे म्हणून, मी त्या फळ्यावरच्या आकड्याचे कूळ शोधू लागलो, आणि मास्तरकीच्या इतक्या वर्षांत हे मी मुलांना कधीच कसे सांगितले नाही याचे नवल वाटले. लांबी मोजणे सोपे. काठी काठीशेजारी ठेवली की झाले. पण एक ऊन दुसऱ्या उन्हाशेजारी ठेवायचे कसे? म्हणून उष्णतेला काही तरी ठाम खुंटी हवी होती. आणि त्या खुंट्यांसाठी युरोपातल्या मोठमोठ्या माणसांनी काय काय सुचवले ते वाचून करमणूक होते. कोणी म्हणे लोणी वितळते ती उष्णता धरा. कोणी पॅरिसच्या वेधशाळेखालच्या खोल तळघराची उष्णता धरा म्हणे. १७०१ साली खुद्द न्यूटनने माणसाच्या रक्ताची ऊब ही १२ अंशांची खुंटी मानली. (लोण्याची सूचना कुरखेड्याच्या माणसाने केली नसती. मे महिन्यात इथे लोणी घट्ट असते हे कोणाला ऐकून ठाऊक असेल तेवढेच.)

शेवटी पाण्याचे गोठणे आणि उकळणे या खुंट्या पक्क्या झाल्या. पण पाणी दर वेळी तितक्याच उष्णतेला उकळते हे ठरवायचे कशावरून? थर्मामीटरवरून. आणि तो थर्मामीटर आखायचा कशावरून? पाण्याच्या उकळण्यावरून. पुन्हा पाणी तरी कुठे एकवचनी? हवेचा दाब बदलला की ते उकळण्याची उष्णता बदलते. भांडे बदलले तरी थोडी बदलते. खुंट्या ठोकून झाल्या तरी वाद मिटत नाही. एका नळीत पारा भरा, दुसरीत मद्यार्क. गोठणाला आणि उकळीला दोन्हींवर सारख्याच खुणा करा. मधल्या वाटेवर दोघांचे जमत नाही. मग खरा कोण? एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला पॅरिसमध्ये रेन्यो नावाच्या शास्त्रज्ञाने वर्षानुवर्षे हेच काम केले, आणि त्याने लावलेली कसोटी मला फार शहाणपणाची वाटते. त्याने खरे काय हे विचारलेच नाही. एकाच जातीची अनेक उपकरणे आपापसांत किती जुळतात तेवढेच पाहिले. जी स्वतःशीच जुळत नाहीत ती बाद. गावच्या पंचायतीत साक्षीदार पारखतात ते याहून फार निराळे नव्हे.

मापपट्ट्यांची गोष्ट तर अधिकच मानवी आहे. स्वीडनच्या सेल्सिअसने १७४२ साली जी पट्टी मांडली तिच्यात उकळते पाणी शून्यावर होते आणि गोठणारे १०० वर. म्हणजे जितकी उष्णता जास्त तितका आकडा कमी. १७४४ साली तो वारला आणि त्याच्यामागून ती पट्टी उलटी करण्यात आली. त्या पट्टीने काही बिघडत नव्हते. तशीच राहिली असती तर आज आपण मे महिन्यात ‘पारा उतरला’ म्हणून हाश्शहुश्श केले असते. फॅरनहाइटने १७२४ साली बर्फ, पाणी आणि नवसागराच्या मिश्रणाला शून्य म्हटले, नुसत्या बर्फाच्या पाण्याला ३२, आणि निरोगी माणसाच्या तोंडात किंवा काखेत पारा जिथे थांबतो त्याला ९६. पुढे त्याची पट्टी पाण्याच्या दोन खुंट्यांवर ताणून बसवली गेली तेव्हा माणूस ९६ वरून सरकला. आज ज्या ९८.६ ला आपण वेदवाक्य मानतो, तो आकडा लाइपझिगच्या वुंडरलिश या डॉक्टरच्या १८६८ सालच्या ग्रंथातून आलेला आहे. सुमारे २५ हजार रुग्णांच्या काखेत थर्मामीटर लावून त्याने ३७ अंश सेल्सिअस ही निरोगी माणसाची सरासरी सांगितली. ३७ चे भाषांतर केले की ९८.६ होतात. तो दशांश पाहून आपल्याला केवढी अचूकता वाटते! वस्तुतः ती अचूकता भाषांतरकाराची आहे. १९९२ साली अमेरिकेत पुन्हा मोजणी झाली तेव्हा सरासरी ९८.२ भरली, आणि वुंडरलिशनेही माणसागणिक, वेळेगणिक शरीराची ऊब बदलते हे लिहून ठेवलेलेच होते. ते मागे पडले, आकडा उरला.

आपल्याकडे तर या दोन्ही पट्ट्या एकाच घरात नांदतात. १९५७ च्या एप्रिलमध्ये आणे-पै गेले, १९५८ च्या ऑक्टोबरपासून शेर आणि मण जाऊ लागले, हवेचा पाराही शतमानावर आला. काखेतला पारा मात्र फॅरनहाइटला धरून बसला. ‘बाहेर पंचेचाळीस आहे’ आणि ‘पोराला एकशे दोन आहे’ ही दोन्ही वाक्ये एकच आई एका दमात बोलते आणि तिचा कधी घोटाळा होत नाही. दोन्ही पट्ट्यांचे आकडे एकमेकांना भेटतात ते उणे ४० वर; ती भेट झाडीपट्टीत होण्याचा संभव नाही. शिवाय हे आकडे बेरजेचेही नव्हेत. ४० अंशांच्या पाण्यात ४० अंशांचे पाणी ओतले तर ८० होत नाही. हिवाळ्यात दुपारी २० आणि उन्हाळ्यात ४० म्हणून उन्हाळा दुप्पट गरम, असेही नाही. फॅरनहाइटमध्ये तेच ६८ आणि १०४ होतात, आणि १८४८ साली केल्विनने सुचवलेल्या निरपेक्ष पट्टीवर २९३ आणि ३१३, म्हणजे फार तर सात टक्क्यांचा फरक. ज्याने आमच्याकडचे दोन्ही ऋतू अंगावर घेतले आहेत त्याला हे सात टक्के ऐकून राग यावा. असो.

हे सारे मला त्या वेळी ठाऊक असते तर मी वेगळा वागलो असतो का? प्रामाणिकपणे सांगायचे तर मला तशी खात्री नाही.

त्या वर्षी पावसाळा लांबला होता. सहामाही परीक्षा चालू होत्या. वसतिगृहातला सातवीतला एक मुलगा सकाळी माझ्या खोलीच्या दाराशी येऊन उभा राहिला. त्याचे गाव आत जंगलात, घरची भाषा गोंडी. मराठी तो मोजूनमापून बोले. “गुरुजी, रात्री हिव लागलं जी. आंग दुखते.” मी थर्मामीटर झटकला, त्याच्या काखेत दिला, घड्याळ लावून पाहिले. ९८ च्या आसपास. त्या दिवशी त्याचा गणिताचा पेपर होता आणि गणितात तो कच्चा होता. मी दोन आणि दोन चार केले. पारा त्याच्या डोळ्यांसमोर धरला आणि माझे आवडते वाक्य म्हटले. त्याने नळीकडे पाहिले, मग माझ्याकडे पाहिले आणि काही न बोलता तो पेपरला गेला.

दुसऱ्या दिवशी तो आला नाही. बरे असेल असे मी धरून चाललो. तिसऱ्या दिवशी दुपारी मुले बोलवायला आली. तो तीन घोंगड्यांखाली हुडहुडत होता. दात एकमेकांवर वाजत होते. काखेत थर्मामीटर लावला तर पारा १०४ वर. आणि इथे मी दुसरी चूक केली, जी मला पहिलीपेक्षाही जास्त बोचते. मी त्याला म्हणालो, “अरे, अंग तर भट्टीसारखे तापले आहे, थंडी कसली वाजते तुला? काढ त्या घोंगड्या.” त्याने घोंगडीची कड दोन्ही मुठींत धरून ठेवली. मी ती ओढली. संध्याकाळपर्यंत तो बरळू लागला. एका मालमोटारीतून त्याला इस्पितळात नेला. मेंदूपर्यंत गेलेला हिवताप होता. तो वाचला, पण तीन आठवडे लागले.

त्याचा बाप त्याला न्यायला आला. पायात काही नाही, खांद्यावर टॉवेल. तो रागावलेला नव्हता; रागावला असता तर मला सोपे गेले असते. त्याने एवढेच विचारले, “गुरुजी, त्यानं तुमाले सांगतलं होतं का जी?”

मी म्हणालो, “हो.”

“मंग?”

त्या ‘मंग’चे उत्तर माझ्याजवळ नव्हते. मुलगा गेला तो पुन्हा शाळेत आला नाही.

लोक म्हणतील, हा सारा अज्ञानाचा दोष. हिवतापाच्या प्रदेशात राहून मास्तरांना हिवताप ठाऊक नव्हता. खरे आहे. हिवतापाचे जंतू रक्तातल्या तांबड्या पेशींत वाढतात, त्या पेशी फुटतात तेव्हा ताप चढतो, आणि मधल्या काळात पारा अगदी सरळ असू शकतो, हे पुस्तकात होते आणि ते पुस्तक माझ्या ट्रंकेत होते. पुस्तक सोडा, माझी आजी एक दिवसाआड येणाऱ्या तापाला ‘एकांतरा’ म्हणे. केवढा नेमका शब्द! ज्या दिवशी अंग थंड आहे तो दिवसही या शब्दाने तापातच धरला आहे. पाऱ्याला आजचे कळते, एकांतऱ्याला कालचे आणि उद्याचेही. पण अज्ञान एवढेच कारण असते तर मी ते कबूल करून मोकळा झालो असतो. ज्ञान नसलेला माणूस विचारतो. मी विचारले नाही, कारण माझ्या हातात आकडा होता.

दुसऱ्या चुकीचा विचार मी पुष्कळ केला. १०४ ताप असलेला मुलगा थंडी वाजते म्हणतो, तेव्हा तो चुकत असतो का? वैद्यकाचे उत्तर असे: मेंदूच्या तळाशी शरीराची ऊब सांभाळणारे एक केंद्र आहे. आजारात ते आपली ठरलेली पातळी वर सरकवते. अंग ९८ वर असते आणि शरीराला १०४ हवे असते. म्हणून कातडी आखडते, स्नायू थरथरतात, घोंगडी हवीशी वाटते. पारा भराभर चढत असतो नेमका तेव्हाच माणूस सर्वांत जास्त गारठलेला असतो. आणि घाम फुटून ‘उकडते’ म्हणू लागतो तेव्हा ताप उतरत असतो. म्हणजे पारा सांगत होता शरीर कुठे आहे. मुलगा सांगत होता शरीर जिथे जाऊ पाहते तिथून ते किती दूर आहे. पाऱ्याने मुलाला खोटे ठरवले नव्हते. एका प्रश्नाचे उत्तर घेऊन दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर खोडून काढणारा मी होतो. मागच्या बाकावरच्या त्या मुलीला मी हसलो होतो; तिचे म्हणणे याहून निराळे काय होते? दोन्ही हात आपण कुठून आलो ते सांगत होते.

आपल्या भाषेने उष्णतेला दिलेली नावे पाहा. ऊब, धग, झळ, चटका, काहिली, उकाडा, कढ, कणकण. यांना एका नळीवर खालपासून वर लावून दाखवा म्हटले तर लागणार नाहीत. धग चुलीची, झळ दुरून अंगावर येणारी, चटका हात लावला तर बसणारा, ऊब कोणाच्या तरी जवळ असण्याची. प्रत्येक शब्दात उष्णता आहेच, पण ती कोठून आली, कोणाला लागली आणि लागणारा कोणत्या अवस्थेत होता हेही आहे. पाऱ्याने यातला ‘कोणाला’ काढून टाकला. शास्त्राचे सामर्थ्य त्या काढून टाकण्यातच आहे, हे मी आजही मानतो. काढून टाकलेले पुन्हा जागेवर ठेवायचे असते, एवढे मात्र मला कोणी शिकवले नव्हते.

इथे थांबलो असतो तर हा लेख सोपा झाला असता: यंत्र वाईट, माणूस चांगला. पण याच जिल्ह्याने मला उलटी बाजूही दाखवली आहे. डॉ. अभय आणि राणी बंग यांनी १९८६ पासून गडचिरोलीत जे काम केले त्यात नवजात बाळांना घरीच सांभाळण्याचा प्रयोग होता. ३९ खेड्यांत, जेमतेम शाळा शिकलेल्या बायकांना बाळाचे वजन करणे, श्वास मोजणे आणि काखेतली उष्णता पाहणे शिकवले गेले. १९९९ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात त्याचा अहवाल आला: तिसऱ्या वर्षी त्या गावांत नवजात बाळांचे मृत्यू, तुलनेसाठी घेतलेल्या गावांच्या मानाने, ६२ टक्क्यांनी कमी झाले होते. त्याला कारणे अनेक होती. त्यातले एक होते थंड पडणारे बाळ वेळेवर ओळखणे. मोठ्या माणसाला जंतुबाधा झाली की तो तापतो. दोन दिवसांचे बाळ पुष्कळदा तापत नाही, गार पडते. ते ‘हिव लागलं’ म्हणत नाही, रडणेही मंदावते. आजूबाजूची मंडळी म्हणतात, किती शहाणे, किती गप निजले आहे! तिथे ९५ च्या खाली गेलेला पारा हाच त्या बाळाचा आवाज असतो. ज्याला बोलता येत नाही त्याच्या वतीने आकडा बोलतो, आणि ज्याला बोलता येते त्याच्या तोंडावर तोच आकडा मी हात म्हणून ठेवला होता.

तेव्हा आकडा कोणाचा आणि कोणाच्या वतीने, हे विचारावे लागते. दर उन्हाळ्यात ब्रह्मपुरी आणि चंद्रपूर ही नावे वृत्तपत्रांत झळकतात. ४५ अंश झाले की उष्णतेची लाट, ४७ झाले की तीव्र लाट, असा हवामान खात्याचा मैदानी भागासाठीचा नियम आहे. हे अंश मोजतात ते सावलीत. दीपगृहे बांधणारा स्कॉटिश अभियंता थॉमस स्टीव्हन्सन (‘ट्रेझर आयलंड’वाल्या स्टीव्हन्सनचा बाप) याने त्यासाठी पांढऱ्या झिरमिळ्यांच्या फळ्यांची पेटी केली, जमिनीपासून चारेक फूट उंच, वारा खेळता, ऊन आत नाही. हवेचे माप घ्यायचे तर हेच योग्य. उन्हात ठेवलेला थर्मामीटर हवा मोजत नाही, स्वतःचे तापणे मोजतो. पण माणूस पेटीत राहत नाही. एप्रिल-मेमध्ये आमच्याकडची घरेच्या घरे तेंदूपानाला निघतात. पहाटे जंगलात जायचे, पाने तोडायची, घरी ७०-७० पानांचे पुडे बांधायचे, आणि चढत्या उन्हात फळीवर नेऊन द्यायचे. तिथे उघड्या माळावर पुडे ओळीने वाळत घातलेले असतात. जिथे पान वाळते तिथेच बाई वाकून मोजत असते. तिच्या पाठीवर किती अंश आहेत ते पेटीतल्या पाऱ्याला विचारता येणार नाही.

ते मोजता येत नाही असे मात्र नाही. १९५० च्या दशकात अमेरिकी सैन्याच्या शिबिरांत जवान उन्हाने कोसळू लागले, तेव्हा याग्लू आणि मिनार्ड यांनी एक माप बसवले. त्यात ओल्या फडक्यात गुंडाळलेल्या थर्मामीटरला सर्वांत जास्त भार दिला, कारण घाम वाळतो की नाही यावर जीव अवलंबून असतो. उन्हात टांगलेल्या काळ्या गोळ्याच्या आतल्या थर्मामीटरला त्याहून कमी. आणि आपल्या नेहमीच्या सावलीतल्या पाऱ्याला फक्त एक दशांश. आपण ज्याला उन्हाळा म्हणून वृत्तपत्रात वाचतो तो त्या हिशेबात रुपयातले दहा पैसे आहे. जवान कोसळणे सैन्याला परवडत नव्हते म्हणून ते माप निघाले. मला यात सैन्याची निंदा करायची नाही. मोलाच्या माणसासाठी माणसे नवी पट्टी आखतात. एवढे मात्र त्यावरून दिसते.

गेल्या पावसाळ्यात मला दोन रात्री कणकण वाटली. सकाळी अंग मोकळे होते. सून म्हणाली, आशाताईला बोलावते. मी नको म्हणत होतो, तरी ती आली. खांद्याला पिशवी, पिशवीत टुक् करणारा थर्मामीटर. काखेत धरला, ९७.९. मी सवयीने म्हणालो, “पाहा, काही नाही. उगाच तुम्हाला त्रास.”

ती पिशवीतून रक्त तपासायची पट्टी काढत होती. “आता नसन जी,” ती म्हणाली. “पन रात्री होता ना?”

“वाटला खरा.”

“ताप होता म्हटलं तरी तपासा, असंच शिकवलं हाये आमाले. बोट द्या.”

मी बोट पुढे केले. थेंबभर रक्त पट्टीवर टाकून ती घड्याळ पाहत बसली आणि मला प्रश्न विचारू लागली: किती वाजता वाटले, आधी थंडी की आधी घाम, पांघरूण किती घेतले. मी आठवून आठवून सांगत होतो आणि ती वहीत लिहून घेत होती. पट्टीवर एकच रेघ उमटली, हिवताप नव्हता. “उद्या सकाळी पुन्हा येतो,” ती म्हणाली, “रात्री कसं वाटलं ते ध्यानात ठेवा जी,” आणि पुढच्या घरी गेली.